ऑक्टोबरात भरलेली बाटली जानेवारीत उणी : इंदूरच्या एका लाकडी घाण्याचं प्रकरण

इंदूरला राजेंद्रनगरच्या बाजूला एका मराठी कुटुंबाचा लाकडी घाणा आहे. दादा घाणा बघतात. बाटल्या, हिशेब आणि गिऱ्हाईक वहिनींकडे. मुख्य माल शेंगदाण्याच्या तेलाचा, मागणी असेल तसं तीळ आणि करडई. जाहिरात नाही, सगळा धंदा ओळखीवर आणि विश्वासावर. अशा घरावर एकाच मोसमात तीन तक्रारी आल्या. जानेवारीत गिऱ्हाइकं म्हणू लागली की बाटलीत तेल कमी आहे. त्याच महिन्यात तेल गढूळ असल्याची कुजबुज सुरू झाली. आणि एप्रिल लागला तशी, ज्या दुकानांत माल ठेवला होता तिथून निरोप यायला लागले की बाटल्या पाझरतायत.

तीन तक्रारी, आणि लोकांनी त्यांचे अर्थही तीन लावले: मापात पाप, तेलात भेसळ, पॅकिंग भिकार. दादांनी यातलं काहीच केलेलं नव्हतं. मी कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत असे आणि या घराशी जुना घरोबा आहे, म्हणून वहिनींनी मला बोलावलं. जे सापडलं ते सविस्तर मांडते, कारण माळव्यात तेल, मध, काकवी, सरबत असं काहीही पातळ बाटलीत भरून विकणाऱ्या छोट्या उद्योगाला हे कधी ना कधी भोवतं. तिन्ही तक्रारींचं मूळ एकच निघालं. भरताना आणि निवळताना तेल किती गरम होतं, हे कुणी पाहिलंच नव्हतं.

उणं माप

दिवाळीच्या आधी घाण्यावर श्वास घ्यायला उसंत नसते. एरवी तेल पिंपात चार दिवस ठेवून, निवळलं की भरायचं, ही त्यांची रीत. त्या ऑक्टोबरात मात्र मागणी इतकी होती की घाण्यातून निघालेलं तेल कापडातून गाळून कोमट असतानाच बाटल्यांत भरलं गेलं. बाटली एक लिटरची, काचेची, लांब गळ्याची. गळ्यावर एक खूण, तिथपर्यंत नरसाळ्यानं भरायचं, झाकण, सील, संपलं. पुढच्या वेळी घाणा चालू असताना मी ताज्या तेलात थर्मामीटर बुडवला, तर पारा 44 अंशांवर गेला. घाण्यात दाणे चिरडताना घर्षणानं उष्णता तयार होते आणि वर पत्र्याची शेड. हा आकडा मला मुळीच जास्त वाटला नाही.

(थर्मामीटर आधी तपासून घ्यावा. बर्फ वितळतोय त्या पाण्यात शून्य दाखवला पाहिजे, आणि उकळत्या पाण्यात, इंदुरात, 100 नव्हे तर सुमारे 98. शहर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटर उंच आहे, हवेचा दाब थोडा कमी, म्हणून पाणी दोन अंश आधीच उकळतं. 98 दाखवणारा थर्मामीटर बिघडलेला समजून दादा परत करायला निघाले होते.)

यातल्या काही बाटल्या लोकांनी कपाटात ठेवल्या आणि संक्रांतीच्या सुमारास काढल्या. लोकमान्यनगरच्या एक आजी सील न फोडलेली बाटली पिशवीत घालून थेट घाण्यावर आल्या.

"अरे, सील तुझंच आहे ना? मग तेल कुठं गेलं? गळा अख्खा मोकळा आहे."

दादांचा चेहरा पडला. बाटलीत खरंच खुणेच्या खाली जवळजवळ तीन बोटं जागा रिकामी होती. बाहेरून थेंबभरही ओघळ नव्हता. आजींच्या जागी कुणीही असतं तर हेच म्हटलं असतं.

आता हिशेब बघा. शेंगदाण्याच्या तेलाची घनता 20 अंशांना सुमारे 0.914 ग्रॅम प्रति मिलिलिटर असते, आणि तापमान एक अंशानं वाढलं की ती साधारण 0.00067 नं घटते. म्हणजे 44 अंशांना ती 0.898 च्या आसपास आणि जानेवारीच्या सकाळी 12 अंशांना 0.919. ऑक्टोबरात खुणेपर्यंत भरलेल्या त्या एक लिटरमध्ये 898 ग्रॅम तेल गेलं. तेच 898 ग्रॅम 12 अंशांना मोजलं तर भरतं 977 मिलिलिटर. 23 मिलिलिटरची घट. पाव वाटीसुद्धा नाही, पण बाटलीचा गळा आतून अडीच सेंटिमीटर रुंद, म्हणजे त्याचं क्षेत्रफळ पाच चौरस सेंटिमीटरच्या आतबाहेर. तेवढ्या अरुंद नळीत 23 मिलिलिटर म्हणजे साडेचार सेंटिमीटर. बाटलीचा गळा इथे नकळत थर्मामीटरच झाला होता: खाली मोठा साठा, वर बारीक नळी, आणि साठ्यातला किंचित फरक नळीत ठळक दिसणारा.

तेल आकसलं म्हणजे नेमकं काय झालं? तेलाचा रेणू मोठा आणि लांब हातापायांचा, वजनाला पाण्याच्या रेणूच्या जवळजवळ पन्नासपट. असे रेणू एकमेकांना बिलगून असतात, पण स्वस्थ कधीच नसतात. थरथरतात, वळतात, शेजाऱ्याला ढकलतात. तापमान म्हणजे या हालचालीच्या ऊर्जेचंच मोजमाप. ऊर्जा वाढली की धक्के जोरात बसतात आणि दोन रेणूंमधलं सरासरी अंतर किंचित वाढतं. पंगतीला मांडी घालून बसलेली माणसं उठून लेझीम खेळू लागली तर तेवढ्याच माणसांना अंगण पुरत नाही, तसंच. माणूस एकही वाढलेला नसतो. तेलाचंही तेच: रेणू तितकेच, वजन तितकंच, जागा मात्र जास्त.

पाण्याच्या बाबतीत हे इतकं जाणवत नाही. 20 अंशांच्या आसपास पाणी दर अंशाला 0.02 टक्के वाढतं, तेल 0.07 टक्के, तिपटीहून जास्त. पाण्याच्या रेणूंना हायड्रोजन बंधांनी एकमेकांशी घट्ट धरून ठेवलेलं असतं, तेलाच्या रेणूंमधली ओढ त्यामानानं ढिली. घरात पाण्याच्या बाटल्या भरून भरून आपला हात पाण्याच्या स्वभावाला सरावलेला असतो, आणि तोच अंदाज तेलाला लावला की फसगत होते.

आता न्यायाची गोष्ट. दादा म्हणाले, "म्हणजे ताई, माप बरोबरच होतं ना? थंडीनं आकसलं, यात माझा काय दोष?" दोष नव्हताच. पण आजींचीही तक्रार खरी होती, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. ऑक्टोबरात लिटरच्या नावानं 898 ग्रॅम गेलं, आणि जानेवारीत थंड तेल त्याच खुणेपर्यंत भरलं असतं तर 919 ग्रॅम गेलं असतं. पैसे तेच, तेल 21 ग्रॅमनं कमी. कढईत शिजतो तो पदार्थ रेणूंवर शिजतो, त्यांच्यातल्या मोकळ्या जागेवर नाही. पॅकबंद मालाच्या 2011 च्या नियमांत 500 ते 1000 ग्रॅम किंवा मिलिलिटरच्या पाकिटाला 15 ग्रॅम वा मिलिलिटरची चूक खपवून घेतली जाते. 23 त्याच्या बाहेर जातं.

हे फक्त छोट्या घाण्यापुरतं आहे असं कुणी समजू नये. आपल्या देशात खाद्यतेलाच्या पाकिटांवर "अमुक लिटर, अमुक तापमानाला" असं छापायची पद्धत होती, आणि काही ठिकाणी ते तापमान 60 अंशांपर्यंत चढवलेलं असे. सोयाबीन तेलाचा एक लिटर 21 अंशांना 919.1 ग्रॅम भरतो, 60 अंशांना 892.6 ग्रॅम. स्वयंपाकघरात तेलाचा डबा 60 अंशांना कुणाच्या घरी असतो? साडेसव्वीस ग्रॅमचा हा फरक 15 लिटरच्या डब्यावर सुमारे 400 ग्रॅम होतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं 2022 साली यावर बोट ठेवलं आणि तेल भरणाऱ्यांना सांगितलं की लिटर लिहा, पण तापमान न लिहिता, आणि सोबत वजन लिहा. त्यासाठी 15 जानेवारी 2023 पर्यंतची मुदत दिली. माझ्या मते हा अलीकडच्या काळातला ग्राहकहिताचा एक फार नेमका निर्णय होता, आणि त्याची व्हायला हवी होती तेवढी चर्चा झाली नाही. इंदूरच्या सियागंज बाजारात डबा घेताना "पंधराचा" एवढंच म्हणून चालत नाही. 15 किलोचा डबा आणि 15 लिटरचा डबा शेजारी शेजारी असतात, आणि लिटरच्या डब्यात साधारण 13.7 किलो तेल असतं.

गढूळपणाचा संशय

उण्या मापापेक्षा ही तक्रार जास्त झोंबणारी होती, कारण ती तोंडावर कुणी बोलत नव्हतं. घाण्याचं तेल कसं, तर सोन्यासारखं. जानेवारीतलं तेल मात्र धुरकट, तळाशी गाळ. "पाम मिसळत असतील" इथपर्यंत बोलणं गेलं.

धुरकटपणाची कारणं दोन असू शकतात आणि ती वेगळी करायला प्रयोगशाळा लागत नाही. बाटली कोमट पाण्याच्या पातेल्यात अर्धा तास उभी ठेवायची. धुरकटपणा विरून गेला, तर थंडीनं तेलातल्या लवकर गोठणाऱ्या घटकांचे बारीक कण झाले होते. शेंगदाण्याच्या तेलात लांब साखळीची काही संपृक्त मेदाम्लं असतात, कडाक्याच्या थंडीत तीच आधी गोठतात. त्यात वावगं काही नाही. पण धुरकटपणा तसाच राहिला, तर तो दाण्याचा चुरा, म्हणजे न निवळलेला गाळ. वहिनींनी बाटल्या पातेल्यात ठेवल्या. काही स्वच्छ झाल्या. बहुतेक झाल्या नाहीत.

म्हणजे तेल निवळलंच नव्हतं. पण दादा छातीवर हात ठेवून सांगत होते की चार दिवसांचा नेम जानेवारीत एकदाही मोडला नाही, आणि ते खरं होतं. चूक नेमातच होती. चार दिवस हा उन्हाळ्याचा हिशेब होता.

द्रवातून कण किती वेगानं खाली बसतो याचं सूत्र स्टोक्स यांनी 1851 मध्ये मांडलं. कण जितका मोठा आणि जड तितका वेग जास्त, आणि द्रवाची श्यानता, म्हणजे वाहण्याला असलेला त्याचा अंतर्गत विरोध, जितकी जास्त तितका वेग कमी. शेंगदाण्याच्या तेलाची श्यानता 44 अंशांवरून 12 अंशांवर येताना साधारण तिप्पट होते. दाण्याच्या चुऱ्याचा 20 मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा, कण घेऊन मी ढोबळ आकडेमोड केली: थंड तेलात तो दिवसाला सहा सेंटिमीटरच्या आसपास उतरतो, चांगल्या कोमट तेलात वीसच्या घरात. पिंपाची उंची साठ सेंटिमीटर. उन्हाळ्यात तीन-चार दिवसांत तळ गाठणारा कण थंडीत दहा दिवस घेणार. चौथ्या दिवशी नळ उघडला की निम्म्याहून जास्त पिंपात गाळ अजून तरंगतोय.

इथे थोडं थांबते, कारण या प्रकरणातली मला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट हीच आहे. वर्गात आपण सरसकट सांगतो की तापवल्यावर रेणू वेगानं धावतात म्हणून द्रव पातळ होतो. वेगानं म्हणजे किती? रेणूचा सरासरी वेग निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे नेहमीच्या अंशांत 273 मिळवून येणाऱ्या आकड्याच्या, वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. 12 अंश म्हणजे 285 केल्विन, 44 अंश म्हणजे 317. वर्गमूळ काढून पाहिलं तर वेग वाढला जेमतेम साडेपाच टक्के. तेलाचा रेणू एरवीच सेकंदाला नव्वद मीटरच्या आसपास वेग बाळगून असतो, त्यात पाच मीटरची भर. एवढ्याशा फरकानं तेल तिप्पट पातळ कसं होईल?

उत्तर असं की द्रवातला रेणू वेग असूनही कुठे जात नाही. चहूबाजूंनी शेजाऱ्यांनी त्याला घेरलेलं असतं. तो तिथल्या तिथे आपटत राहतो. तेल वाहायचं तर रेणूंना हा घेराव फोडून शेजारच्या जागेत सरकावं लागतं, आणि त्यासाठी एका विशिष्ट मर्यादेच्या वरची ऊर्जा लागते. सगळ्या रेणूंची ऊर्जा सारखी नसते. मर्यादा ओलांडणारे थोडेच. तापमान जरासं वाढलं की सरासरी थोडीशी हलते, पण मर्यादेपलीकडच्या या मूठभरांची संख्या मात्र भराभर वाढते. तेल पातळ होतं ते या सरकू शकणाऱ्या रेणूंमुळे. शिवाय प्रसरणानं मधली जागाही थोडी ऐसपैस झालेली असते, त्यानं सरकणं आणखी सोपं होतं. हे दादांना समजावताना मी सूत्र लिहिलं नाही, पण त्यांनी लगेच ओळखलं: "म्हणजे थंडीत कापडातून गाळायला दुप्पट वेळ लागतो, तेही याच्याचमुळे." अर्थातच.

सुटं तेल न्यायला जे आपापली बरणी घेऊन येतात, त्यांच्या मापातही हाच चिकटपणा आडवा येत होता. स्टीलचं लिटरचं माप बरणीत उलटं केलं की निथळायला वेळ द्यावा लागतो. उन्हाळ्यात ओतून लगेच माप उचललं तर आत सात-आठ ग्रॅम तेल चिकटून राहतं. थंडीत तेवढ्याच वेळात बारा-चौदा. वहिनींनी माप आधी आणि नंतर काट्यावर ठेवून हे स्वतः पाहिलं आणि त्या कमालीच्या अस्वस्थ झाल्या. "म्हणजे थंडीभर आपण लोकांना प्रत्येक लिटरमागे चमचाभर कमी देत होतो." हो, देत होतो. कुणाच्याही ध्यानीमनी नसताना.

गाळावर उपाय म्हणून दादांनी माझ्या आधीच एक डोकं चालवलं होतं. थंडीनं बसत नाही तर गरम करू, म्हणून पिंपाच्या बुडाशी विजेचा पट्टा गुंडाळला. तेल कोमट झालं, पण सकाळी पाहतात तर वरपर्यंत गढूळ, आधीपेक्षा वाईट. दिशा बरोबर होती, जागा चुकली. बुडाशी तापलेलं तेल प्रसरण पावून हलकं होतं आणि वर चढतं, वरचं थंड तेल खाली येतं, आणि पिंपात अभिसरणाचे प्रवाह सुरू होतात. हे प्रवाह मंद वाटले तरी सेकंदाला मिलिमीटरच्या हिशेबात चालतात. कण दिवसाला काही सेंटिमीटर उतरतोय. प्रवाहापुढे कणाचं काही चालत नाही, बसलेला गाळही उचलला जातो. उन्हात पिंप ठेवलं तरी हेच होतं, कारण एकच बाजू तापते.

निवळायला तेल कोमट हवं आणि स्थिरही हवं. घाण्यातून ते कोमटच निघतं, मग नव्यानं तापवायचं कशाला? ती ऊब टिकवायची. आता थंडीत पिंप उघड्या शेडमधून आतल्या खोलीत हलवलंय, खाली लाकडी फळी, भोवती गोणपाटाचे थर आणि त्यावर जुन्या गोधड्या, वर झाकणावरही एक. तेल हळूहळू आणि सगळीकडून सारखं निवतं. पहिल्या दोन दिवसांत, जेव्हा ते पातळ असतं, तेव्हाच बहुतेक गाळ खाली जातो. आणि भरायची तारीख दिनदर्शिकेवर ठरत नाही: नळातून काचेच्या पेल्यात थोडं काढायचं, पेल्यामागे छापील कागद धरायचा, अक्षरं स्वच्छ वाचता आली तरच भरायचं.

तरीही घाण्याच्या तेलात अगदी हलकी धूसर छटा उरते आणि ती उरू द्यावी असं माझं मत आहे. मायक्रॉनहून लहान कण कितीही दिवस ठेवले तरी बसत नाहीत. तेलाचे रेणू त्यांना सर्व बाजूंनी असमान धक्के देत राहतात आणि ते वेडेवाकडे हिंडत राहतात. परागकणांतून बाहेर पडलेल्या सूक्ष्म कणांची अशीच हालचाल रॉबर्ट ब्राउन यांनी 1827 मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. 1905 मध्ये आइन्स्टाइन यांनी तिचं गणित मांडलं आणि पेराँ यांच्या मोजमापांनी ते खरं ठरलं. रेणू खरोखर असतात याचा ठाम पुरावा त्यातून मिळाला. रिफाइंड तेलासारखी चकाकी घाण्याच्या तेलात शोधणं म्हणजे भलत्याच मालाची अपेक्षा करणं.

पाझरणाऱ्या बाटल्या

ही तक्रार थेट पहिल्या तक्रारीच्या उपायातून जन्मली. आजी येऊन गेल्यावर दादांनी मनाला लावून घेतलं आणि जानेवारीतली प्रत्येक बाटली खूण सोडून थेट तोंडापर्यंत भरली. कुणाला बोलायला जागाच नको. तेल तेव्हा 14 अंशांच्या आसपास होतं.

एप्रिलमध्ये दुकानाच्या काचेच्या कपाटात 42 अंश झाले. 28 अंशांच्या फरकानं लिटरभर तेल जवळजवळ 20 मिलिलिटर वाढतं. काचेची बाटलीही प्रसरण पावते, पण ती वाढ एक मिलिलिटरसुद्धा नाही. तेलानं जायचं कुठे? द्रव दाबला जाईल ही आशा सोडावी. पूर्ण भरलेल्या, जराही न ताणणाऱ्या बंद भांड्यात तेल एका अंशानं तापलं तर आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या सुमारे दहापटीनं वाढतो. एका अंशाला. झाकणाखालचा प्लास्टिकचा वॉशर त्यापुढे टिकणं शक्यच नव्हतं, आणि टिकला नाही हे बरंच, नाहीतर काच गेली असती. दुकानदाराचा फोन आला, "भैया, बोतलें पसीज रही हैं, पूरा शेल्फ चिकट हो गया." लेबलं तेलानं पारदर्शक, त्यावर धूळ बसलेली, बाटलीला हात लावावासा वाटू नये अशी अवस्था.

त्यात माळव्याची हवा. शब-ए-मालवा म्हणून इथल्या गार रात्रींचं कौतुक होतं ते उगीच नाही; उन्हाळ्यातही दिवस-रात्रीच्या तापमानात चांगलंच अंतर असतं. दुपारी तेल झाकणाखालून बाहेर ढकललं जातं, रात्री आकसताना त्याच फटीतून हवा आत ओढली जाते. हवेबरोबर ऑक्सिजन, आणि ऑक्सिजननं तेल खवट होतं. शिवाय जे पाझरलं ते गेलं: अशा बाटलीत आता खरोखरच 20 मिलिलिटर कमी.

उपाय साधा आहे, तो फक्त डोळ्यांना पटत नाही. बाटली पूर्ण भरायची नाही. तेल दाबलं जात नाही पण हवा जाते, म्हणून वर थोडी हवा हवीच. तोंडापर्यंत 1040 मिलिलिटर मावतील अशी बाटली निवडली आणि गळ्यावरची खूण पुसून टाकली. आता बाटली काट्यावर ठेवायची, काटा शून्य करायचा आणि ऋतू कोणताही असो, 915 ग्रॅम तेल ओतायचं. 12 अंशांना ते 996 मिलिलिटर भरतं, 44 अंशांना 1019. दोन्ही वेळा बाटलीत मावतं, दोन्ही वेळा रेणू तितकेच. लेबलवर लिटर आणि वजन दोन्ही छापलंय. गळ्याला एक चिठ्ठी बांधलेली असते, मजकूर वहिनींचाच:

"या बाटलीत 915 ग्रॅम तेल आहे. थंडीत पातळी खाली दिसेल, उन्हाळ्यात वर. वजन बदलत नाही. शंका असल्यास बाटली घेऊन या, समोर वजन करून देऊ."

आजींना पहिली अशी बाटली दादांनी स्वतः नेऊन दिली, सोबत ऑक्टोबरातल्या बाटलीत कमी पडलेलं तेल छोट्या कुपीत. आजींनी चिठ्ठी वाचली, कुपी परत केली आणि बाटली ठेवून घेतली. दुकानांतून परत आलेला माल दादांनी बदलून दिला, त्याचा खर्च सोसला. पाझरलेल्या बाटल्यांतलं तेल खवट नव्हतं ते घरी वापरलं, उरलेलं दिव्यांसाठी देवळात गेलं.

सुटं तेल आता फक्त वजनावर मिळतं. सुरुवातीला कुरकुर झाली. लोकांच्या डोक्यात लिटरचाच भाव पक्का, किलोचा ऐकला की महाग वाटतो. एक किलो शेंगदाणा तेल म्हणजे जवळपास 1.1 लिटर, हे फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावं लागलं. दोन-तीन खानावळवाले अजूनही आपलं माप आणतात. त्यांना दादा माप भरून देतात, पण ते माप काट्यावर ठेवूनच, आणि वजन चिठ्ठीवर लिहून.

घाण्याच्या वहीत आता तारीख, मालाची पोती, निघालेलं तेल आणि पेंड यांच्या शेजारी आणखी एक रकाना आहे: भरताना तेलाचं तापमान. तो पुतणी भरते, शाळेतून आल्यावर.

सध्या प्रश्न खोबरेल तेलाचा आहे. गिऱ्हाइकांची मागणी आहे, पण खोबरेल 24-25 अंशांच्या खाली गोठतं, म्हणजे इंदुरात जवळजवळ अख्खी थंडी ते घट्टच असणार. गोठताना ते द्रवापेक्षा बरंच जास्त आकसतं आणि कडेनं आधी गोठत आल्यामुळे मधे खळगा पडतो. लांब गळ्याच्या बाटलीतून तर ते बाहेरच येणार नाही. रुंद तोंडाच्या बरण्यांचे नमुने मागवलेत. दादांचं म्हणणं, कोमट पातळ असतानाच वजनानं भरावं. वहिनींना वाटतं, खळगा पाहून पुन्हा तेच प्रश्न येतील, तेव्हा चिठ्ठी आधी तयार ठेवावी.